पाणी सर्वांचे, मग तरंगते घर कोणाचे? डॉकटाउन प्रकरण, गोदाघाटावरून पाहताना

गोदाघाटावरील विक्रेत्यांना हटवून घाट मोकळा करावा, हा विषय नाशिकमध्ये अधूनमधून निघत असतो आणि सिंहस्थ जवळ आला की त्याला जोर चढतो. त्या प्रत्येक वेळी एक वाक्य हमखास ऐकू येते: नदीकाठ सार्वजनिक आहे, तेथे कोणाचाही खासगी ताबा चालणार नाही. हे वाक्य खरे आहे आणि ते कायद्यालाही धरून आहे. मात्र याच वाक्याच्या आधारे कॅलिफोर्नियातील एक वस्ती पाण्यावरून उठवली गेली. रेडवूड सिटी या शहरातील डॉकटाउन नावाच्या सार्वजनिक नौकातळाचे, म्हणजे तिकडच्या भाषेत मरीनाचे, ते प्रकरण मी येथे सविस्तर मांडतो आहे. गेली काही वर्षे आमचा काही जणांचा गट घाटावरील विक्रेत्यांच्या नोंदी करण्याच्या कामात आहे. डॉकटाउनचा अभ्यास आम्ही त्याच कामाच्या गरजेतून केला, कारण तेथे हा युक्तिवाद शेवटच्या टोकापर्यंत नेला गेला आणि त्याचे फळ काय आले हे आता दिसते आहे.

वस्ती आणि तिचे पाणी

रेडवूड सिटी हे शहर सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पश्चिम काठावर, सॅन फ्रान्सिस्को आणि सॅन होजे यांच्या मधोमध वसले आहे. एकोणिसाव्या शतकात डोंगरातील रेडवूड वृक्षांचे लाकूड येथील खाडीत आणून जहाजांनी सॅन फ्रान्सिस्कोला नेले जाई, त्यावरून शहराला हे नाव मिळाले. पुढे लाकडाचा व्यापार संपला, खाडीत गाळ साचत गेला आणि महामार्गापलीकडचा हा काठ शहराच्या मागच्या अंगणासारखा झाला. अशा दुर्लक्षित पाण्यावर नौकांमध्ये राहणारे लोक येऊन स्थिरावले. मी त्यांना नौकावासी म्हणतो. काहींच्या नौका शिडाच्या किंवा इंजिनाच्या होत्या, तर काहींची घरे तरंगत्या तराफ्यावर उभारलेली होती. ती दुमजलीही असत आणि कोठे जाण्यासाठी बांधलेलीच नव्हती. प्रकरण न्यायालयात गेले त्या सुमारास तेथे सुमारे ७० घरे होती.

या घरांचे रोजचे जगणे कसे होते हे समजल्याशिवाय पुढचा वाद कळत नाही. उपसागराच्या या दक्षिण भागात भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत दोन मीटरांहून अधिक फरक पडतो. भरतीला घर वर येते आणि काठावरून नौकेकडे जाणारी फळी जवळजवळ सपाट होते. ओहोटीला तीच फळी जिन्यासारखी उतरती होते, आणि खाडी उथळ असल्याने काही नौका सरळ चिखलावर टेकतात. वीज आणि पाणी धक्क्यावरून येते. सांडपाणी नौकेतील टाकीत साठते आणि ती टाकी वेळोवेळी उपसून न्यावी लागते. हे उपसण्याचे काम चोख झाले तर खाडी स्वच्छ राहते आणि त्यात हयगय झाली तर ती घाण होते. पुढे दाव्यात प्रदूषणाचा जो आरोप झाला त्याचे मूळ येथे आहे, आणि तो निराधार म्हणून उडवून लावण्यासारखा आरोप नव्हता.

आजूबाजूला सिलिकॉन व्हॅली वाढत होती. ओरॅकल कंपनीचे मुख्यालय याच शहरात होते आणि फेसबुकचे शेजारच्या मेन्लो पार्कमध्ये आले. घरभाडी इतकी चढली की नौकेवरील घर हा निवृत्त माणसे, कारागीर आणि बेताच्या उत्पन्नाच्या लोकांना त्या भागात टिकून राहण्याचा एक मार्ग ठरला. सगळेच गरजेपोटी तेथे आले होते असे नाही. पाण्यावर राहण्याची आवड असलेलेही बरेच होते. पण जमिनीवर परतायचे म्हटले तर त्यांतील अनेकांना ते शहरच परवडणार नव्हते.

शेजारचे पीट्स हार्बर

डॉकटाउनच्या आधी त्याच्या शेजारचा पीट्स हार्बर हा नौकातळ गेला. तेथील काठाची जमीन खासगी मालकीची होती. तिच्यावर ४११ सदनिकांचा गृहप्रकल्प ठरला आणि २०१२ च्या सप्टेंबरात रहिवाशांना जानेवारी २०१३ च्या मध्यापर्यंत निघून जाण्याच्या सूचना मिळाल्या. विरोध झाला, पण मालक आणि विकसक दोघेही खासगी असल्याने रहिवाशांच्या हाती फारसे काही नव्हते. तेव्हा डॉकटाउनच्या लोकांना वाटले असणार की आपला तळ सार्वजनिक आहे, म्हणून आपण अधिक सुरक्षित आहोत. असे वाटणे अगदी स्वाभाविक होते. प्रत्यक्षात तो सार्वजनिक असणे हेच त्यांच्या विरोधातील सर्वांत भक्कम कारण ठरले.

दावा आणि तडजोड

२०१३ मध्ये डॉकटाउनचे व्यवस्थापन खासगी चालकाकडून शहर प्रशासनाने स्वतःकडे घेतले. म्हणजे नौका बांधण्याचे भाडे आता शहर स्वतः घेऊ लागले, आणि आपण भाडे कोणत्या उपयोगाचे घेत आहोत हे त्याला पुरते ठाऊक होते. २०१५ च्या नोव्हेंबरात जवळच्याच परिसरातील एका वकिलाच्या पुढाकाराने शहराविरुद्ध दावा दाखल झाला. त्याचा गाभा असा होता की भरतीच्या पाण्याखालील जमीन राज्याने शहराला विश्वस्त म्हणून दिलेली आहे, ती साऱ्या जनतेची आहे, आणि तिच्यावर काही कुटुंबांना कायमचे राहू देणे हा विश्वस्ताने केलेला नियमभंग आहे.

शहराने हा दावा लढवला नाही. २०१६ च्या जानेवारीत, म्हणजे दोन-तीन महिन्यांतच, १५ लाख डॉलर देऊन तडजोड झाली आणि डॉकटाउनवरील निवास संपवण्याची योजना करण्याचे शहराने मान्य केले. दावा शहराविरुद्ध होता, तडजोड शहराने केली, आणि ज्यांची घरे जाणार होती ते लोक त्या टेबलावर नव्हते. त्या वर्षीच्या डिसेंबरात शहराच्या परिषदेने डॉकटाउन योजना मंजूर केली, तिच्यात स्थलांतराच्या मदतीची तरतूद होती. रहिवाशांनी विरोध केला, संघटना केली, न्यायालयात गेले, तरी पुढील काही वर्षांत एकेक करून बहुतेक घरे तेथून गेली.

या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत आक्षेपार्ह वाटते ती ही तडजोड. दावा हरण्याची भीती शहराला असेल, ती खरीही असेल. राज्याचा भूमी आयोग निवासाच्या विरोधात होता हे उघड होते. परंतु ज्या संस्थेने भाडे घेतले तिने त्या उपयोगाची बाजू एकदाही न्यायाधीशासमोर मांडू नये आणि बाधितांना निर्णय झाल्यावर कळवावे, ही विश्वस्ताची वागणूक नव्हे. विश्वस्त हा शब्द ज्या तोंडाने उच्चारला त्याच तोंडाने ऐकूनही घ्यायला हवे होते.

सिद्धांत कोठून आला

नदी, समुद्रकिनारा आणि वाहते पाणी कोणाच्याही मालकीचे नसते, ही कल्पना रोमन कायद्यापासून चालत आली आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९२ साली इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या प्रकरणात तिला ठाम रूप दिले: शिकागोच्या बंदराखालचा मिशिगन सरोवराचा तळ एका रेल्वे कंपनीला देऊन टाकण्याचा अधिकार राज्याला नव्हता, कारण राज्य त्याचे जनतेसाठी विश्वस्त होते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली मोनो सरोवराच्या प्रकरणात हीच विश्वस्तता पर्यावरणाच्या रक्षणापर्यंत नेली. आणि १३ डिसेंबर १९९६ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, कुलू-मनाली परिसरात बियास नदीचा प्रवाह वळवणाऱ्या एका हॉटेलच्या प्रकरणात, म्हणजे एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात, मोनो सरोवराच्या निकालाचा आधार घेत सार्वजनिक विश्वस्ततेचा सिद्धांत भारतीय कायद्याचा भाग असल्याचे सांगितले. त्यामुळे डॉकटाउनचा वाद परक्या मुलखातला असला तरी त्याचे हत्यार आपल्या घरात आधीच येऊन ठेवलेले आहे.

लक्षात घेण्याची गोष्ट अशी की शिकागोत हे हत्यार रेल्वे कंपनीवर चालले, बियासच्या काठी हॉटेलवर चालले. बलवानांना अडवण्यासाठी ते घडले होते. डॉकटाउनमध्ये ते ७० तरंगत्या घरांवर चालले.

निवास खासगी, हॉटेल सार्वजनिक

कॅलिफोर्नियात या सिद्धांताखाली कोणते उपयोग चालतात याचा एक संकेत बनला आहे. नौकानयन, मासेमारी, व्यापार, पोहणे, निसर्गरक्षण हे चालतात. बाहेरून येणाऱ्यांची सोय म्हणून काठावरील उपाहारगृह आणि हॉटेलसुद्धा चालते. निवास चालत नाही, कारण घराचे दार बाकीच्यांना बंद असते आणि राहण्यासाठी पाण्याची गरज नसते, ते जमिनीवरही होऊ शकते.

हा तर्क प्रथम ऐकताना विचित्र वाटतो. दोन रात्रींसाठी येणारा पाहुणा जनता ठरतो आणि त्याच पाण्यावर आयुष्य काढलेला माणूस उपरा ठरतो. तरी तो तर्क पोकळ नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. हॉटेलची खोली आळीपाळीने कोणालाही मिळू शकते, घर एकाच कुटुंबाकडे राहते. उद्या श्रीमंतांनी तरंगते बंगले आणून सारा किनारा अडवला तर त्यांना रोखण्यासाठी हाच तर्क लागेल. मात्र त्यात एक तपासणी राहून जाते, ती म्हणजे दर परवडणे. खोली कोणालाही मिळू शकते, ज्याच्याकडे पैसे आहेत अशा कोणालाही. एखादा उपयोग सार्वजनिक आहे की नाही हे दाराच्या पाटीवरून ठरवायचे, की त्या दारातून प्रत्यक्षात कोण आत जाते यावरून, हा प्रश्न डॉकटाउनमध्ये कोणी नेटाने लावून धरलेला दिसत नाही.

पर्यायाचाही प्रश्न होता. तुमचे घर तरंगते आहे, तर ते दुसऱ्या तळावर न्या, असे म्हणणे सोपे होते. पण या उपसागरावर १९६५ साली स्थापन झालेल्या संरक्षण व विकास आयोगाच्या धोरणानुसार कोणत्याही तळावर नौकावासींना साधारण १० टक्क्यांहून अधिक जागा देता येत नाहीत. शिवाय इंजिन नसलेली, खोक्याच्या आकाराची जुनी घरे घ्यायला दुसरे तळ राजी नसतात. कागदावर साऱ्या उपसागरात पर्याय होता, प्रत्यक्षात बहुतेकांना तो कोठेच नव्हता.

येथे अपवादही सांगायला हवा. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मिशन क्रीक या खाडीवर तरंगती घरे कायदेशीर करारावर टिकून आहेत, आणि उत्तरेकडील सॉसालिटोजवळ तर १९७० च्या दशकातील कडाक्याच्या संघर्षानंतर मोठी वस्ती नियमित झाली. म्हणजे हाच उपसागर आणि हेच राज्य असूनही निकाल वेगळा लागू शकला. सिद्धांत अटळ होता असे म्हणून डॉकटाउनची जबाबदारी झटकता येत नाही.

रहिवाशांचे कोठे चुकले

त्यांच्याबद्दल सहानुभूती ठेवूनही हे लिहावे लागते. डॉकटाउनच्या लोकांचे मुख्य म्हणणे होते: आम्ही येथे वर्षानुवर्षे राहतो, हे आमचे घर आहे. माणूस म्हणून यापेक्षा मोठे म्हणणे नाही. पण ज्या कायद्याचा आरोपच असा आहे की तुम्ही सर्वांच्या पाण्याचे घर केले, त्याच्यापुढे हे म्हणणे बचाव ठरत नाही; तो जवळजवळ कबुलीजबाब ठरतो. त्याऐवजी, किंवा त्याच्या जोडीला, हे मांडता आले असते की तळावर चोवीस तास माणसे असल्याने नौका बुडताना कोणाला तरी दिसते, आग लागली तर पहिली बादली शेजारी ओततो, धक्का ओस पडत नाही आणि काठ फिरायला येणाऱ्यांसाठी जागता राहतो. म्हणजे आपले राहणे हे सार्वजनिक उपयोगाला पूरक आहे. यातील काही मुद्दे मांडले गेले, पण ते घराच्या हाकेखाली दबले.

गंगेवर याचा अर्थ काय

नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतो आणि घाटावर जाण्याला गंगेवर जाणे म्हणतो. गंगेवर कोणी नौकेत राहत नाही, पण पाण्याच्या चालीवर जगणारी माणसे येथेही आहेत. बुधवारी गाडगे महाराज पुलाच्या परिसरात भाजी, मसाले, कपडे, भांडी यांचा बाजार भरतो. ताडपत्रीच्या चार कोपऱ्यांवर दगड ठेवून दुकान लागते आणि संध्याकाळी तेच दगड बाजूला सारून दुकान उठते. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की येथे माल विकणाऱ्या बायका नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहतात. पाणी त्याच्या पायांशी आहे, गुडघ्यापर्यंत आले की कमरेला लागले, यावरून मालाची पोती किती लवकर उचलायची हे ठरते. नदीची पूररेषा आखली गेली त्याच्या कितीतरी आधीपासून ही मोजपट्टी चालू आहे. पूररेषांपैकी निळ्या रेषेच्या आत, म्हणजे नदीकडच्या बाजूला, पक्के बांधकाम चालत नाही, आणि हा बाजार तर बांधकामच नाही. डॉकटाउनचे घर भरतीबरोबर वर येत असे, तसा हा बाजार पुराबरोबर मागे सरतो.

कायद्याच्या दृष्टीने आपले विक्रेते डॉकटाउनच्या रहिवाशांपेक्षा कितीतरी मजबूत पायावर उभे आहेत, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते. पहिली गोष्ट म्हणजे बाजार हा मुळातच सर्वांना खुला उपयोग आहे. विश्वस्ततेचा सिद्धांत नीट वाचला तर तो बाजाराच्या बाजूने बोलतो. दुसरी गोष्ट म्हणजे २०१४ चा पथविक्रेता अधिनियम. त्यानुसार सर्व विक्रेत्यांचे सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हटवता येत नाही, हटवायचे झाल्यास ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात, त्यांत एकतृतीयांश महिला. म्हणजे डॉकटाउनमध्ये बाधितांसाठी जे टेबल नव्हते ते येथे कायद्याने मांडून ठेवलेले आहे. ते मांडले जाते का आणि तेथे खरोखर कोण बसते, हे पाहणे आपले काम आहे.

याच अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत एक तरतूद आहे आणि तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. ज्या नैसर्गिक बाजारात, म्हणजे विक्रेते आणि गिऱ्हाइके परंपरेने जमत आली आहेत अशा बाजारात, विक्रेते ५० वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करीत आले आहेत तो वारसा बाजार म्हणून घोषित करावा आणि तेथील विक्रेत्यांचे स्थलांतर करू नये, असे ती सांगते. त्याच अनुसूचीनुसार स्थलांतर शक्यतो टाळावे, आणि करावेच लागले तर माणसाची उपजीविका किमान पूर्वीइतकी तरी राहिली पाहिजे.

पर्यायी जागेचा अनुभवही आपल्या गाठीशी आहे. गणेशवाडीत भाजी मंडईची इमारत बांधली गेली आणि तिचे ओटे वर्षानुवर्षे ओस राहिले, कारण गिऱ्हाईक पुलावरून, देवळातून, रविवार कारंजाकडून गंगेवर उतरते आणि तेथेच भाजी घेते. विक्रेते हट्टी आहेत, असे त्यावर म्हटले गेले. मला वाटते, गिऱ्हाइकाचे पाय कोठे वळतात हे त्यांना इमारतीचा नकाशा काढणाऱ्यापेक्षा अधिक नेमके ठाऊक होते. उपसागरावरचा तो १० टक्क्यांचा नियम आणि ही ओस मंडई यांत मला एकच चूक दिसते, आणि ती म्हणजे पर्याय मोजताना जागा मोजली जाते, उपजीविका मोजली जात नाही.

डॉकटाउनच्या भाड्याचा मुद्दाही येथे लागू पडतो. आठवडे बाजारात बाजार फीची पावती फाडली जाते. त्या चिठोऱ्याने जागेची मालकी मिळत नाही, आणि तसे भासवणाऱ्यांपासून विक्रेत्यांनी सावध राहावे. पण त्या तारखेला, त्या ठिकाणी बाजार भरला होता आणि तो प्रशासनाला ठाऊक होता, याचा तो पुरावा आहे. आम्ही भेटेल त्या प्रत्येकाला सांगतो की पावत्या फेकू नका, प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी ठेवा. बहुतेकांच्या जुन्या पावत्या कधीच गेलेल्या असतात, काहींच्या तर २००८ च्या आणि २०१९ च्या पुरात सामानाबरोबर वाहून गेल्या.

नोंदींचा एक रकाना

म्हणून आमच्या कामात सर्वांत जास्त चर्चा एका रकान्यावर झाली. आम्ही केलेल्या पहिल्या तक्त्यात तो असा होता: या जागेवर किती वर्षांपासून? त्यावर प्रत्येक जण स्वतःचे सांगे, कोणी बारा, कोणी वीस. ही उत्तरे खरी होती आणि तरीही डॉकटाउनच्या चुकीकडे नेणारी होती, कारण ती प्रत्येकाचा ताबा मोजत होती. ५० वर्षांची अट मात्र बाजाराच्या वयाला लागू आहे. तेव्हा आम्ही प्रश्न बदलला आणि विचारू लागलो की येथे बाजार भरत असल्याची तुमच्या घरातली सर्वांत जुनी आठवण कोणती.

पहिल्याच बुधवारी लसणाच्या ढिगामागे बसलेल्या एका मावशींना तो विचारला. त्या म्हणाल्या, “दादा, मी लग्न होऊन आले ती सासूच्या हाताखाली इथंच बसले. एकोणसत्तरला गंगेला मोठा पूर आला, तेव्हा तिचा सगळा माल वाहून गेला होता, ती नेहमी सांगायची. पाणी उतरल्यावर पुढच्या बुधवारी तिनं इथंच पुन्हा पोतं टाकलं.” शेजारच्या दोघींनी आपापल्या सासवांचे पूर सांगायला सुरुवात केली. तक्त्यातील रकाना दोन बोटे रुंद होता. आम्ही कागद आडवा केला आणि तो रुंद करून घेतला. आता त्यात वर्षाऐवजी पूर लिहिला जातो, त्याखाली सांगणाऱ्याची सही किंवा अंगठा असतो, आणि ऐकणाऱ्या दोन शेजाऱ्यांच्या सह्या असतात.